पंचांसमक्ष

आमच्या सासूबाईंना प्रार्थना करता येत नाही. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, त्या स्वतःच सांगतात. पाळकसाहेब उभे राहिले की शब्द कसे नळाला पाणी यावं तसे येतात. मरियाबाईंचं तसं नाही. दोन वाक्यं झाली की त्यांचे शब्द संपतात आणि पुढं नुसतं, "बापा, तुला ठाऊकच हाय." तरी दर शुक्रवारी बायका येतात त्या पाळकांकडं नाही, आमच्या वस्तीवर, त्यांच्याकडं.

यावर आईंनी, सासूबाईंना मी आईच म्हणते, एक तोड काढली होती. करोनात येणं-जाणं बंद झालं तेव्हा बायका आपली विनंती मोबाईलवर बोलून पाठवायला लागल्या. पहाटे आई गुडघे टेकायच्या, समोर खुर्चीवर मोबाईल ठेवायच्या आणि एकेकीचा आवाज लावायच्या. जिचं दुःख तिच्याच तोंडून देवाला ऐकवायचं, शेवटी आपण आमेन म्हणायचं. करोना गेला, पद्धत राहिली. नियम एकच होता. विनंतीला उत्तर मिळालं की त्या बाईनं शुक्रवारी सगळ्यांसमोर म्हणायचं, "पुसा." मग आई तिथल्या तिथं तो आवाज पुसायच्या, बायका टाळ्या वाजवायच्या, चहा व्हायचा. उत्तर येईपर्यंत मात्र पुसायचं नाही. त्यामुळं मोबाईलमध्ये जे उरायचं ते सगळं न सुटलेलं असायचं.

यातल्या निम्म्या बायका आमच्या चर्चच्या नव्हत्या. आजूबाजूच्या मळ्यांवरच्या होत्या, कपाळाला कुंकू लावून यायच्या आणि तशाच जायच्या. आईंनी कधी कुणाला येशूचं नाव घे म्हटलं नाही. उलट म्हणायच्या, "तुझ्या देवीलाबी सांगून ठेव. जिथं आधी ऐकू जाईल तिथून काम हुईल." पाळकांच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांनी आम्हालाच चर्चबाहेर काढलं असतं.

मी ग्रेस, या घरची सून. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून दोनदा येतो. ओसरीवर माझं शिलाई मशीन आहे. बायकांचं ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला गावातलं जेवढं कळतं तेवढं डॉक्टरलाही कळत नाही. टेप लावायला बाही वर करावीच लागते. दिपालीची बाही मी अशीच वर केली आणि दंडावरचे बोटांचे वळ पाहिले. मी काही विचारलं नाही. माप घेतलं आणि तिला आत आईंकडं चहाला पाठवलं.

दिपाली ही आप्पासाहेबांची सून. आप्पासाहेब आमच्या गावातलं शब्दाला वजन असलेलं माणूस. सोनईच्या बाजारात कुणाचं भांडण लागलं तरी लोक म्हणतात, आप्पासाहेबांना बोलवा. पूर्वी आमच्या चर्चच्या कंपाउंडवरून वाद झाला तेव्हा तेच आमच्या बाजूनं उभे राहिले होते. त्यांचा मुलगा कल्याण माझ्या सासऱ्यांचा, जोसेफ गुरुजींचा, विद्यार्थी. रस्त्यात दिसला की अजून वाकून नमस्कार करतो. हाच हात घरी बायकोवर चालतो हे गुरुजींना सांगितलं असतं तर त्यांनी शपथेवरही खरं मानलं नसतं.

दिपालीचा मोबाईल दिवसा सासूच्या, बनुबाईंच्या, कमरेला असायचा आणि रात्री कल्याण तपासायचा. फक्त जनावरांचा घास कापायला जाताना तिच्या हातात द्यायचे, साप-किरडू निघालं तर असावा म्हणून. त्या घासाच्या वाफ्यात बसून ती आईंना विनंती पाठवायची आणि आपल्याकडून पुसून टाकायची. आईंच्या मोबाईलमध्ये नावं मीच टाकून दिली होती. खरी नावं नकोत म्हणून जिचं जे शिवलं ते नाव. हिरवी बॉर्डर, फुग्याची बाही. दिपाली म्हणजे निळं ब्लाऊज.

त्या आठवड्यात निळ्या ब्लाऊजचा शेवटचा आवाज आला तो मी आणि आईंनी स्वयंपाकघरात दार लोटून ऐकला. लग्नाआधी दिपालीनं नर्सिंग केलं होतं. नाशिकच्या एका दवाखान्यात तिची नोकरी पक्की झाली होती, राहायला खोलीसुद्धा मिळणार होती. सोमवारी पोरीला, संस्कृतीला, दाताच्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून ती नगरला जाणार होती. नगरहून पुढं नाशिक, आणि परत यायचं नाही. "बाई, सोमवारपत्तुर कुनाला कळू नये, येवढीच विनंती हाय. कळलं तर मला जाऊ देतील एखाद्यावेळी, पन पोरगी न्हाई देणार." आईंनी ते दोनदा ऐकलं. मग मोबाईल पदराखाली धरून बसून राहिल्या.

शनिवारी सकाळी पोलीस आले.

एक तरणे फौजदार साहेब, एक हवालदार आणि मागं जीपमध्ये एक महिला शिपाई, ती शेवटपर्यंत खाली उतरलीच नाही. हवालदार भागवत जवळच्याच गावचा, ओळखीचा. तोच जरा ओशाळून म्हणाला, "गुरुजी, अर्ज आलाय तुमच्यावर. आमिष दाखवून बायांचा धर्म बदलता म्हनं."

सासरे तेव्हा रेडिओ पुसत होते. निवृत्त हेडमास्तर. उभा जन्म त्यांनी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यावर विश्वास ठेवला. त्यांना मुळीच भीती वाटली नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला असं मी म्हणेन. आयुष्यभर शिकवलेल्या धड्याचं प्रात्यक्षिक दारात आलं होतं.

"कोणी केलाय अर्ज?"

"ते सांगता येत नाही," साहेब म्हणाले. त्यांची नजर घरभर फिरत होती. भिंतीवरचा क्रूस, बायकांसाठी घडी करून ठेवलेल्या सतरंज्या, खिडकीत चार्जिंगला लावलेला आईंचा मोबाईल. "बाई मोबाईलवर ग्रुप चालवतात असं अर्जात आहे. हाच का मोबाईल?" असं म्हणेपर्यंत भागवतनं तो वायरीतून काढून हातात घेतलासुद्धा.

मोबाईलला लॉक नव्हतं. मी दोनदा घालून दिलं होतं, पण आईंच्या बोटांचे ठसे भांडी घासून गेलेले, तो उघडायचाच नाही, म्हणून त्यांनी काढायला लावलं होतं.

"थांबा," सासरे म्हणाले. "असा कोणाचा मोबाईल बघता येत नाही. माणसाला खासगी आयुष्य असतं, तो त्याचा मूलभूत हक्क आहे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. झडती घ्यायची तर कारण लेखी द्या. दोन प्रतिष्ठित स्थानिक पंच बोलवा. नियमाप्रमाणे करा, मी एका शब्दानं अडवणार नाही."

त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगताना ते विसरल्यासारखं होईल. साहेबांना असं कुणी बोललेलं बहुतेक सवयीचं नव्हतं. ते माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. शिलाईचे कपडे हातानं बाजूला सारले आणि कागद काढून लिहायला लागले.

"कागदच पाहिजे ना, गुरुजी? हा घ्या कागद. आता पंच सांगा. तुम्हीच सांगा, नंतर तक्रार नको."

"आप्पासाहेब," सासरे ताबडतोब म्हणाले. "आणि दुकानातला सत्यवान."

मी आईंकडं पाहिलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"आप्पासाहेबांना नको," त्या म्हणाल्या.

सगळे वळले. आमच्या आई चार माणसांत बोलणाऱ्या नव्हेत. सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "का नको? त्यांच्यासारखा माणूस नाही गावात."

"कामं असतील त्यांना शेतात. कशाला तरास द्यायचा?"

"अगं, त्रास कसला? ते स्वतः येतील धावत."

"दुसऱ्या गावचं बोलवा कुणी," मी मध्ये पडले. "सोनईहून आणा. तेवढं पेट्रोल आम्ही देतो."

इथं आमचं चुकलं असं म्हणता येईल, पण बरोबर काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "गावातल्या मोठ्या माणसासमोर दाखवायला नको वाटावं, असं काय आहे हो यात?"

"काही नाही!" सासरे भडकले. "कर नाही त्याला डर कशाला? भागवत, जा, आप्पासाहेबांना घेऊन या."

"पप्पा, जरा आत या," मी म्हटलं.

"आत कशाला? काय असेल ते इथं, सगळ्यांसमोर. आत जाऊन कुजबुजलो तर साहेबांना काय वाटेल?"

भागवत स्वतःच्या मोटरसायकलवर आला होता, त्यानं किक मारली. मग आईंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्या साहेबांसमोर गेल्या आणि हात जोडले. "साहेब, तुमी मोबाईल घेऊन जावा. ठान्यात न्या, तिथं ऐका सगळं. मलाबी न्या पायजे तर. हितं नका लावू."

साहेब तयार झालेही असते. त्यांना तरी कुठं पंचनामा लिहायची हौस होती? पण सासऱ्यांनी आईंना हातानं मागं सारलं. "मोबाईल न्यायचा नाही. एकदा नेला की त्यात हे लोक काय घालतील, काय काढतील, सांगता येत नाही. इथंच बघायचा, पंचांसमक्ष, आणि ठेवून जायचं. मरिया, तुला यातलं कळत नाही."

"झाकली मूठ ऱ्हाऊ द्या हो," आई म्हणाल्या. एवढंच त्यांना बोलता आलं. आणखी एक शब्द बोलल्या असत्या तर नाव सांगितल्यासारखंच झालं असतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन दिपालीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही, तो बनुबाईंच्या कमरेला वाजत होता. मागच्या दारानं स्कूटी काढावी म्हणून चावी घेतली तर साहेबांनी बाहेरूनच हाक दिली. पंचनामा होईपर्यंत कुणी घर सोडायचं नाही.

आप्पासाहेब आले ते खरंच धावत आल्यासारखे आले. धोतराला चिखल होता, पाणी धरलेलं सोडून आले होते. येताच त्यांनी साहेबांना सुनावलं. "ह्या घराची गॅरंटी मी घेतो. ही मान्सं असल्यातली न्हाईत. गुरुजींच्या हाताखाली आमचं अख्खं गाव शिकलं." सासऱ्यांनी आमच्याकडं असं पाहिलं की बघा, मी काय सांगत होतो. सत्यवान मागून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

भागवतनं स्वतःचा मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. नव्या कायद्यानं झडतीचं शूटिंग करावंच लागतं म्हणे, लोकांवर अन्याय होऊ नये म्हणून. सासऱ्यांनी त्यालाही मान डोलावली.

साहेबांनी आईंचा मोबाईल उघडला आणि भुवया वर केल्या. "हिरवी बॉर्डर. फुग्याची बाही. निळं ब्लाऊज. हे काय आहे? कोडवर्ड?"

"गिऱ्हाइकं आहेत माझी," मी म्हटलं. "मी शिवते."

"मग तुमची गिऱ्हाइकं सासूच्या मोबाईलमध्ये कशी?"

मी त्यांनी सारलेले कपडे गोळा करायला लागले. त्यांनी पहिला आवाज लावला. लंकाबाईचा निघाला. तिची म्हैस दोनदा उलटली होती, यावेळी तरी गाभण राहू दे, अशी विनंती होती. भागवत हसला, शूटिंग हललं. साहेबही हसले. दुसरा आवाज एका म्हातारीचा होता, तिला लघवी आवरत नव्हती आणि सुनेला सांगायची लाज वाटत होती. मग कुणी हसलं नाही. आप्पासाहेबांनी मान खाली घातली. "साहेब, बायाबापड्यांचं खासगी हाय हे. आपुन गड्यांनी ऐकू नये. बंद करा."

ते मनापासून म्हणाले, यात मला शंका नाही. साहेबांनी बंद केलंही असतं. पण कोडवर्ड त्यांच्या डोक्यात बसला होता. "एकच शेवटचा," असं म्हणून त्यांनी निळं ब्लाऊज उघडलं. त्यात आवाज सगळ्यात जास्त होते. त्यांनी सगळ्यात खालचा लावला.

दिपालीचा आवाज ओसरीभर झाला. मागं घासात वारा सुटल्याचा आवाज होता, विळा कुठंतरी आपटल्याचा होता. नोकरी, नाशिक, दाताचा डॉक्टर, सोमवार. कळलं तर पोरगी नाही देणार. सगळं आलं. शेवटी ती थोडी रडली तेही आलं.

मी आप्पासाहेबांकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त धोतराचा चिखल ते नखानं खरवडत होते, ते थांबलं. आई खाली बसल्या. सासरे कान देऊन ऐकत होते, आणि त्यांना आवाज ओळखू आला नाही. ती त्यांच्यासमोर कधी मोठ्यानं बोललेलीच नव्हती.

"कोण ही बाई?" साहेबांनी आईंना विचारलं. आई खाली पडलेले दोरे वेचायला लागल्या. साहेबांनी सत्यवानकडं पाहिलं, त्यानं नाही म्हणून मान हलवली. "आप्पासाहेब, गावातला आवाज वाटतो का?"

"न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "बाहेरगावची दिसती."

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, हा माणूस खरंच मोठा आहे. सुनेचं नाव त्यानं सरकारी कागदावर येऊ दिलं नाही. बापासारखा वागला. मी इतकी मूर्ख की त्या घटकेला मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

"सही कुठं करायची?" आप्पासाहेबांनी विचारलं. खिशातून चष्मा काढून कागद नीट वाचला, दोन ठिकाणी सही केली, सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका, गुरुजी. तुमच्या घरात काय वंगाळ घावलं न्हाई." आणि चहाला न थांबता निघून गेले.

मोबाईल साहेबांनी नेलाच. पाकिटात घालून लाखेचं सील लावलं. नावं संशयास्पद आहेत, तपासणीला नाशिकला लॅबला पाठवावा लागेल म्हणाले. दिपाली जाऊ शकली नाही त्या गावाला तिचा आवाज सरकारी खर्चानं गेला.

जीप वळली तशी मी स्कूटी काढली. आप्पासाहेबांच्या वस्तीवर दिपाली दोरीवर कपडे वाळत घालत होती. बनुबाई सोनईला गेल्या होत्या, कल्याणचा टेम्पो नव्हता. मी दोन वाक्यांत सांगितलं. ती घाबरली नाही, हातातला शर्ट तिनं बादलीत टाकला आणि विचारलं, "आप्पा कुठं हायेत?"

"शेताकडं गेले असतील. पाणी धरलंय त्यांनी. आत्ता निघ."

"संस्कृती शाळेत हाय."

शनिवारची सकाळची शाळा. आम्ही तशाच गेलो, ती अंगावरच्या साडीनं, पायात घरच्या स्लिपर. रस्त्यात तिनं एकदाच विचारलं, माझ्याकडं पैसे आहेत का, आणि मी हो म्हटलं. नगरपर्यंत मी स्कूटीवर सोडणार होते. मला खात्री होती की जमेल.

शाळेच्या फाटकाशी आप्पासाहेबांची मोटरसायकल उभी होती. पुढं टाकीवर संस्कृती बसली होती, दप्तर पाठीला, हातात बिस्किटाचा पुडा. दिपालीला बघून तिनं पुडा उंच करून दाखवला.

आप्पासाहेब रागात नव्हते. रागात असते तर मी काहीतरी बोलले असते. "दिपाली, बस मागं," ते म्हणाले. दिपाली स्कूटीवरून उतरली. तिनं पोरीकडं पाहिलं, पोरीच्या पोटाभोवती असलेल्या त्यांच्या हाताकडं पाहिलं, आणि जाऊन मागं बसली.

"आप्पासाहेब, तुम्ही तर पोलिसांना..." मी म्हटलं.

"व्हय. त्यांना कशाला सांगायचं?" ते म्हणाले. "आमच्या घरातलं आमच्या घरात. तू घरी जा, ग्रेस. गुरुजींना सांभाळ, त्यांना दगदग झालीय."

संध्याकाळी मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. मला त्यांचा राग आला होता, तो मी लपवला नाही. ते बंद रेडिओसमोर बसले होते. मग म्हणाले, "पण मी तर नियमानंच केलं सगळं." मला वाटलं ओरडावं. ते म्हणत होते ते खरं होतं, म्हणून ओरडता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते चर्चला न जाता आप्पासाहेबांकडं गेले. कल्याणनं वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा दिला. दिपाली कुठं आहे विचारलं तर आत निजलीय म्हणाला, जिन्यावरून पडली. त्यांचं घर बैठं आहे, जिना नाही. सासऱ्यांनी तो चहा प्यायला आणि ते परत आले. मग त्यांनी पोलिसांना अर्ज लिहिला, नवरा बायकोला मारतो म्हणून. साहेबांनी फोनवर विचारलं, बाईची स्वतःची तक्रार आहे का? नवरा-बायकोच्या खासगी भांडणात आपण कसं पडायचं, गुरुजी?

पुढं कळवलं गेलं की आमच्यावरच्या अर्जात तथ्य आढळलं नाही. धर्मांतराचा विषय तिथं संपला. गावात लोक भेटून म्हणाले, गुरुजी, सुटलात. मोबाईल मात्र लॅबमधून आला नाही. सासरे दर आठवड्याला ठाण्यात जातात, भागवत त्यांना बसायला बाकडं देतो आणि पुढच्या आठवड्यात या म्हणतो.

शुक्रवारी बायका येतात, पण पहिल्यासारख्या नाही. ज्या येतात त्या विनंती विचारली की एकमेकींकडं बघतात आणि म्हणतात, तब्येत बरी राहू दे. सगळ्यांचं तेच. लंकाबाईसुद्धा म्हशीचं नाव काढत नाही. कुणी हसलं होतं ते तिला समजलंय.

परवाच्या शुक्रवारी बनुबाई आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. सोबत दिपाली होती. उन्हाळा मी म्हणत होता आणि तिच्या ब्लाऊजची बाही मनगटापर्यंत होती. मी शिवलेलं नव्हतं. संस्कृती दिसली नाही. कुणीतरी विचारलं तर बनुबाईंनीच सांगितलं, "तिला शेवगावला ठिवलीय, तिच्या आत्याकडं. तिकडं शाळा लई चांगली हाय." दिपाली सतरंजीच्या दोऱ्याकडं बघत होती.

आईंनी एकेकीला विचारलं. तब्येत, तब्येत, तब्येत. दिपालीची पाळी आली तेव्हा बनुबाईंनी तिच्याकडं मान वळवली.

"माझी जुनी विनंती हाय, बाई," दिपाली म्हणाली. घरून घोकून आल्यासारखं. "ती पुसा. उत्तर मिळालं."

इतक्या वर्षांची सवय. दोन-तीन बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबल्या. आईंचा हातसुद्धा सवयीनंच खिडकीकडं गेला. तिथं चार्जरची वायर लोंबत होती. आईंनी ती हातात धरली.

"न्हाई पुसता येत, पोरी," त्या म्हणाल्या. "सरकारकडं हाय ती."

दिपालीनं पहिल्यांदा मान वर केली. आईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "न्हाई पुसली तरी चालंल."

बनुबाईंना आमचा नियम अर्धाच माहीत होता, उत्तर मिळालं की पुसायचं एवढाच. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "चल, धारांची येळ झाली."